जुनी वसाहत पाडण्याआधी: मिश्र उत्पन्नाच्या वस्तीचा सोलापूरसाठी हिशेब

सोलापुरात पुनर्विकासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘किती मजले?’ आणि लगेच दुसरा, ‘किती स्क्वेअर फूट?’ चाळ असो, म्हाडाची जुनी वसाहत असो की सरकारी क्वार्टर्स, बैठक याच दोन आकड्यांभोवती फिरते. हे प्रश्न चुकीचे नाहीत, फक्त त्यांची पाळी नंतर यायला हवी. आधी विचारायचं ते असं: इमारत उभी राहिल्यावर तिचा महिन्याचा खर्च कोण आणि कशातून भरणार? आणि आज इथे राहणारं कुटुंब परत इथेच येईल, याची लेखी हमी कोण देतंय? जगभर उंच सरकारी वसाहती मोडकळीला येऊन पाडाव्या लागल्या त्यात पहिल्या प्रश्नाचा वाटा मोठा होता. त्या पाडून जिथे ‘मिश्र उत्पन्नाच्या वस्त्या’ उभारल्या, तिथे लोकांचे हाल झाले ते दुसऱ्यामुळे.

मिश्र उत्पन्नाची वस्ती म्हणजे एकाच जागेवर तीन प्रकारची घरं. काही जुन्या रहिवाशांना मोफत किंवा नाममात्र दरात, काही बेताच्या कमाईच्या कुटुंबांना सवलतीत, आणि उरलेली खुल्या बाजारात पूर्ण भावाने. बाजारात विकलेल्या घरांच्या नफ्यातून पहिल्या दोन प्रकारांचा खर्च निघावा, हा एक उद्देश. दुसरा असा की, सगळी गरिबी एका आवारात कोंबली की दुकानदार येत नाही, बसच्या फेऱ्या कमी होतात, शाळेकडे कुणी लक्ष देत नाही. वेगवेगळ्या कमाईची माणसं एकत्र राहिली तर हे टळावं.

टॉवर का पडले

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९५० च्या दशकाच्या मध्यावर प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत उभी राहिली. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं. १९७२ मध्ये तिथले टॉवर सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली, म्हणजे वीस वर्षंही निघाली नाहीत. दोष पुष्कळदा वास्तुरचनेला दिला जातो. रचनेत चुका होत्याच. खर्च वाचवायला लिफ्ट सगळ्या मजल्यांवर न थांबता पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायची, बाकीच्यांनी अंधाऱ्या जिन्याने चढ-उतार करायची. पण मूळ दुखणं हिशेबात होतं. बांधकामाला केंद्र सरकारचा पैसा होता, देखभाल मात्र रहिवाशांच्या भाड्यातूनच भागवायची होती. शहराची लोकसंख्या घटली, ज्यांना परवडलं ते बाहेर पडले, घरं रिकामी राहिली, भाडं आटलं. लिफ्ट बंद, पाइप फुटलेले, कचरा साचलेला. मग आणखी लोक गेले. १९६९ मध्ये तिथल्या भाडेकरूंनी भाडं न भरण्याचा संप केला. त्याच वर्षी कायदा आला की सरकारी घराचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त नको. रहिवाशांसाठी ते न्याय्यच होतं, पण देखभालीची तूट भरून काढायला लागणारा पैसा पुरेसा आणि वेळेवर आला नाही.

शिकागोत याहून मोठं प्रकरण झालं. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये १६ मजल्यांच्या २८ इमारती एका ओळीत होत्या. २००० साली शहराने दहा वर्षांची योजना आखली: उंच इमारती पाडायच्या आणि २५ हजार सरकारी घरं नव्याने बांधायची किंवा दुरुस्त करायची. कॅब्रिनी-ग्रीन या प्रसिद्ध वसाहतीतला शेवटचा टॉवर २०११ मध्ये पाडला गेला. पाडकामाचा वेग बांधकामाच्या कितीतरी पुढे होता. १ ऑक्टोबर १९९९ रोजी ज्यांच्या नावावर भाडेकरार होता त्यांना परतीचा हक्क दिला होता, पण नव्या मिश्र वस्तीत यायला बऱ्याच ठिकाणी अटी होत्या: आठवड्याला ३० तास काम, उधारीचा इतिहास स्वच्छ, काही ठिकाणी अमली पदार्थांची चाचणी. घर तयार होईपर्यंत वर्षं गेली, मुलं दुसऱ्या शाळेत रुळली, अटी पुऱ्या होईनात. असंख्य कुटुंबं परतलीच नाहीत. १९९० च्या दशकात केंद्राने ‘एक घर पाडलं तर एक बांधलंच पाहिजे’ ही अट काढून टाकली होती, तेव्हा घरांची एकूण संख्या घटणार हे ठरूनच गेलं होतं.

जे परतले त्यांना आणखी एक गोष्ट नडली, आणि ती आपल्याकडे फार कमी बोलली जाते. एकाच इमारतीत मालकाचे फ्लॅट आणि सरकारी भाडेकरूंचे फ्लॅट. दरवाजे सारखे, लिफ्ट तीच. पण नियम करणारी समिती मालकांची, भाडेकरूला मत नाही. अंगणात किती वेळ बसायचं, पाहुणे किती, मुलांनी कुठे खेळायचं, हे सगळं ज्यांनी ठरवलं ते वेगळे आणि ज्यांना दंड झाला ते वेगळे.

कॅनडातल्या टोरांटोत ६९ एकरांवरच्या रीजंट पार्कचा पुनर्विकास २००५ मध्ये सुरू झाला. तिथे २,०८३ सरकारी घरं होती. त्यांनी सगळं एकदम पाडलं नाही, पाच टप्पे केले. सुरुवातीलाच किराणा दुकान आणि बँक आणली, २०१२ मध्ये सर्वांना मोफत वापरता येणारा जलतरण तलाव उघडला. तिथेही वेळ लांबला, काही बदली घरं मूळ जागेबाहेर बांधली गेली, त्यावर नाराजी झाली. तरी टप्प्याने जाण्याचा त्यांचा निर्णय आम्हाला अनुकरणीय वाटतो.

सोलापूरचं आजवरचं उत्तर

सोलापूरने कामगारांच्या घरांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे, आणि त्याचं मोल कमी नाही. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरं झाली; २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं लोकार्पण झालं. त्यानंतर रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, तिच्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. नरसय्या आडम यांच्यासारखे नेते आणि कामगार संघटना मागे होत्या म्हणूनच हे उभं राहिलं. इमारती ठेंगण्या, लिफ्ट नाही, घर बाईच्या नावावर, हे सगळं शहाणपणाचं.

पण ही एकाच कमाईच्या लोकांची आणि शहराबाहेरची वस्ती आहे. अशा वस्तीत शाळा, दवाखाना, बस, पाणी यातली प्रत्येक गोष्ट मागून आणावी लागते. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या वसाहतींत ते सगळं पायाखाली आहे. म्हणूनच तिथला रहिवासी तिथेच राहावा आणि सोबत नवे शेजारीही यावेत, हा विचार सोलापुरात करण्याजोगा आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीत मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची अट आली, ती १० लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर होतं ९ लाख ५१ हजारांवर. तेव्हा ‘बिल्डरला करावंच लागेल’ या भरवशावर इथे बसता येत नाही. मिश्रण हवं असेल तर ते करारात लिहून घ्यावं लागतं.

पैसा कुठून येतो

आता आकडे मांडू. खालचे भाव फक्त गणित समजावं म्हणून धरलेले आहेत. आपल्या वसाहतीचे घालून तेच गणित पुन्हा करा.

समजा ८,००० चौरस मीटरवर, म्हणजे साधारण दोन एकरांवर, २०० कुटुंबांची वसाहत आहे. प्रत्येकाला ३० चौरस मीटर कार्पेटचं, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचं, घर. भिंती, जिना, लिफ्ट, पॅसेज धरून घरामागे ४२, म्हणजे एकूण ८,४०० चौरस मीटर बांधायचे.

उंच टॉवर बांधला आणि खर्च चौरस मीटरला २५ हजार धरला तर २१ कोटी. तीन वर्षं बाहेर राहण्याचं भाडं महिना ६ हजारांप्रमाणे ४ कोटी ३२ लाख. घरामागे एक लाखाचा कॉर्पस, म्हणजे देखभालीचा कायम निधी, २ कोटी. पाडकाम, नकाशे, शुल्क, सल्लागार, व्याज मिळून पावणेपाच कोटींच्या आसपास. एकूण ३२ कोटी. हे भरून काढायला विक्रीची घरं. भाव चौरस मीटरला ४५ हजार मिळाला, त्यातून बांधकाम आणि विक्रीचा खर्च ३० हजार गेला, तर हाती राहतात १५ हजार. ३२ कोटींसाठी २१,३०० चौरस मीटर विकावे लागतील, म्हणजे ८० चौरस मीटरचे जवळपास २६७ फ्लॅट. भूखंडाच्या पावणेचार पट बांधकाम! तेवढा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल याची परवानगी, मिळाला तरी जुन्या वसाहतीच्या आवारात इतकी घरं घेणारे गिऱ्हाईक वेळेत मिळतील का? बहुतेक प्रकल्प इथेच अर्धवट राहतात. विक्री थांबते, बिल्डरचा हप्ता थांबतो, मग रहिवाशांचं भाडं थांबतं.

आता तीच वसाहत तळमजला अधिक चार मजले अशी बांधू. खर्च १८ हजार धरला तर १५ कोटी १२ लाख. टप्प्याटप्प्याने केल्यामुळे बाहेर राहण्याचा काळ सरासरी १८ महिने, भाडं २ कोटी १६ लाख. कॉर्पस २ कोटी, इतर ३ कोटी २० लाख. एकूण साडेबावीस कोटी. घरामागे अडीच लाखांचं अनुदान आणता आलं (पंतप्रधान आवास योजनेत भागीदारीतल्या घरांना केंद्राचा दीड आणि राज्याचा एक लाख असे मिळाले आहेत) तर ५ कोटी वजा. उरले साडेसतरा कोटी. विक्रीतून चौरस मीटरला २२ हजार सुटतात, कारण बांधकाम स्वस्त. मग ७,९५० चौरस मीटर विकले की झालं, म्हणजे शंभर फ्लॅट. एकूण बांधकाम भूखंडाच्या दुपटीच्या आसपास.

२०० जुनी कुटुंबं, १०० नवी. मुंबईत हे गणित वेगळं दिसतं. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर देता येतं, ते तिथल्या विक्रीच्या भावामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथली पहिली ५५६ घरं दिली गेली. त्या बातम्या वाचून सोलापुरात ५०० फुटांचं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्याकडून वरचा ताळेबंद कागदावर मागा.

उंची, पाणी आणि महिन्याचं बिल

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे इथल्या इमारतीचं खरं माप जमिनीखालच्या टाकीवरून ठरतं. माणशी दिवसाला १३५ लिटर, घरात पाच माणसं, शंभर घरं: रोज ६७,५०० लिटर. पाणी चार दिवसांतून एकदा येतं असं धरलं तर २ लाख ७० हजार लिटरची साठवण हवी. म्हणजे १० मीटर लांब, ९ मीटर रुंद, ३ मीटर खोल टाकी, आगीसाठीचं राखीव पाणी त्याखेरीज. नकाशात एवढी टाकी नसेल तर उन्हाळ्यात टँकरचं बिल ठरलेलं. १३५ पैकी साधारण ४५ लिटर संडासाच्या फ्लशला जातात. त्याला बोअरचं पाणी किंवा शुद्ध केलेलं सांडपाणी वेगळ्या पाइपने दिलं तर नळाच्या पाण्याची साठवण १ लाख ८० हजारांवर येते. हा दुसरा पाइप बांधतानाच टाकायचा. नंतर भिंती फोडून कुणी टाकत नाही.

काळ्या मातीत टाकी बांधताना आणखी एक पथ्य. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोदाई मुरूम लागेपर्यंत करायची आणि भिंतीबाहेरची पोकळी तीच माती ढकलून न भरता मुरमाने थरथर दाबून भरायची. पहिल्या दोन-तीन वर्षांत टाकी झिरपायला लागली तर बहुतेक वेळा हीच कसूर निघते.

आता महिन्याचं बिल. बारा मजली, शंभर घरांच्या इमारतीला तीन पाळ्यांचे वॉचमन ३६ हजार, दोन लिफ्टचं कंत्राट आणि वीज २५ हजार, पंप आणि जिन्यातले दिवे १० हजार, सफाई १५ हजार, अग्निशमन यंत्रणा ६ हजार, मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ३० हजार. बेरीज १ लाख २२ हजार, घरामागे १,२२० रुपये. पंपाची वीज लोकांना वाटते तेवढी महाग नाही. तेवढं पाणी ३६ मीटर चढवायला रोज तेरा-चौदा युनिट लागतात. खिसा रिकामा करतात ते लिफ्ट, पहारा आणि दुरुस्ती.

घरामागे एक लाखाचा कॉर्पस म्हणजे शंभर घरांचा एक कोटी. ७ टक्के व्याजाने महिन्याला ५८,३३३ रुपये, घरामागे ५८३. उरलेले ६३७ रुपये विडीच्या हजारीवर, म्हणजे हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर, चालणाऱ्या घराने दर महिन्याला काढायचे. चार महिने थकले की वसुलीची नोटीस, वर्षभर थकले की लिफ्टचं कंत्राट बंद. ठेंगण्या इमारतीत लिफ्ट आणि अग्निशमनाचे ३१ हजार जातात, वॉचमन एका पाळीचा ठेवला की आणखी २४ हजार. राहतात ६७ हजार, घरामागे ६७०. व्याज वजा जाता ८७ रुपये. म्हातारे आणि अपंग यांची घरं तळाला आणि पहिल्या मजल्यावर सोडतीआधीच राखून ठेवायची आणि लिफ्टचा खड्डा व कप्पा मात्र बांधून ठेवायचा.

घरात चालणारं काम

सोलापूरच्या कितीतरी घरांत चूल आणि कारखाना एकाच खोलीत असतो. विडी वळणारी बाई तेंदूची पानं भिजवते, ओल्या कापडात गुंडाळून ठेवते, कात्रीने बेतशीर कापते आणि मांडीवर सूप घेऊन दाराच्या उजेडात बसते. तंबाखूची धूळ खोलीत राहू नये म्हणून समोरासमोर खिडक्या हव्यात, एकीकडूनच हवा येणारा फ्लॅट चालणार नाही. भिजवणीचं पाणी निचरायला उताराची जागा हवी. कडक भाकरी करून विकणाऱ्या बायकांना भाकऱ्या थापायला आणि वाळवायला सावलीची गच्ची किंवा ओसरी लागते. हे नकाशात आलं नाही तर पुढे जिन्यात पसरतं आणि विक्रीच्या फ्लॅटमधले शेजारी तक्रार करतात.

यंत्रमागाची गोष्ट वेगळी. चादर-टॉवेलचा माग वरच्या मजल्यावर बसूच शकत नाही. त्याचे हादरे स्लॅबमधून सगळ्या इमारतीत पोचतात, आवाजही. आवाराच्या कडेला वेगळ्या पायाची एक मजली शेड, थ्री फेज जोडणी, मालाच्या टेम्पोला वाट, आणि घरांपासून अंतर. शहराच्या पूर्व भागातल्या, माग चालणाऱ्या वसाहतीचा पुनर्विकास या शेडशिवाय आखला तर घर मिळतं आणि धंदा जातो.

क्रम

पहिलं काम मालमत्ता पत्रकाचं: जमीन कुणाची? गृहनिर्माण संस्थेची, महापालिकेची, म्हाडाची की लिक्विडेशनमधल्या (बंद पडून मालमत्ता विक्रीला निघालेल्या) गिरणीची. क्वार्टरमधला कर्मचारी मालक नसतो, म्हणून संस्थेच्या सभासदाला मिळणारे हक्क त्याला आपोआप मिळत नाहीत. त्याचे हक्क सरकारी निर्णयात स्वतंत्रपणे लिहून घ्यावे लागतात.

मग सर्वेक्षण. ठरलेल्या तारखेला प्रत्येक दारावर क्रमांक, आत राहणाऱ्या सगळ्यांची नोंद, फोटो, खोलीचं माप. भांडणं इथूनच उगवतात: वडील वारले आणि वारसनोंद झाली नाही, एका खोलीत तीन भावांचे संसार, नोंदणी न करता नुसत्या बाँडवर (स्टॅम्पपेपरवर) घेतलेली खोली, पोटभाडेकरू, कोपऱ्यावरची टपरी. ही यादी भिंतीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लावायची, हरकतींना मुदत द्यायची आणि यादी अंतिम झाल्याशिवाय एकही वीट काढायची नाही.

नोंदणीकृत संस्था असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचे २०१९ चे निर्देश लागू होतात. विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, विकासक निवडायला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी, सभेचं चित्रीकरण करायचं, आणि विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी घ्यायची. ही गॅरंटी अनेक संस्था संकोचाने सोडून देतात. बिल्डर ओळखीचा असतो, कुणीतरी मध्यस्थी करतं, आणि काम अडलं की हातात काहीच राहत नाही.

प्रत्येक कुटुंबाशी कायम पर्यायी जागेचा करार स्वतंत्रपणे करायचा आणि तो नोंदवायचा. त्यात इमारत, मजला, कार्पेट क्षेत्र, ताबा देण्याची तारीख, भाडं थकलं तर व्याज, आणि परतीला कोणतीही नवी अट नाही हे वाक्य हवंच. शिकागोच्या कुटुंबांकडे हेच वाक्य नव्हतं.

बांधकामाची सुरुवात मोकळ्या जागेपासून. जुन्या वसाहतींत मैदान, बंद पडलेली गोदामं, रुंद गल्ल्या असतात. तिथे आधी साठ घरं बांधली की साठ कुटुंबं थेट नव्या घरात जातात, भाड्याच्या खोलीत नाही. त्यांच्या रिकाम्या चाळी पाडून पुढचा टप्पा. विक्रीच्या इमारतीचा ताबा जुन्या रहिवाशांच्या त्याच टप्प्यातल्या ताब्याआधी देता येणार नाही, हे कलम करारात घातलं की बिल्डरचं प्राधान्य आपोआप जागेवर येतं.

शेवटी संस्थांची रचना. विक्रीच्या इमारतीची एक संस्था आणि पुनर्वसनाच्या इमारतींची दुसरी झाली, की फाटक, टाकी, मैदान, पार्किंग नेमकं कुणाचं हा वाद सुरू होतो. म्हणून दोन्हींवर एक शिखर संस्था, तिच्या समितीत घरांच्या संख्येप्रमाणे जागा, मैदान आणि टाकी तिच्या मालकीची, पाण्याची वेळ दोन्हीकडे एकच. कॉर्पस बँकेत मुदत ठेवीत, मुद्दल काढायला सर्वसाधारण सभेचा तीन चतुर्थांश ठराव. आणि सगळ्या आवाराला मुख्य रस्त्यावरचं एकच फाटक. मागच्या गल्लीतून जुन्या रहिवाशांचं वेगळं दार नकाशात दिसलं, तर त्या नकाशावर सही करू नका.